हाताचा गुण

मंगळवारी सकाळी मी चुकीच्या स्टॉपवर उतरले. कुणी ढकललं नव्हतं, डुलकी लागली नव्हती, फोन वाजत नव्हता. ट्राम नेहमीचीच, सात नंबरची. जागाही नेहमीची, मागच्या दाराजवळची, गुडघ्याला बरी पडते म्हणून. मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता. वळणावर चाकं किंचाळली, पाय उठले, दार उघडलं आणि मी खाली. ट्राम निघून गेली तेव्हा माझा उजवा हात पर्समध्ये शिरून कारखान्याचं ओळखपत्र शोधत होता. समोर कारखाना नव्हता. तो बंद होऊन पंधरा वर्षं झाली. आता तिथे कुठल्याशा वाहतूक कंपनीचे पिवळे ट्रक उभे असतात आणि फाटकाच्या जागी एक आडवा दांडा आहे. त्या दांड्यापाशी बसलेल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मी पर्स बंद केली. मार्च संपत आला तरी ड्रेस्डेनच्या या उत्तरेच्या टेकाडावर वारा पाठ सोडत नाही. पहिला विचार आईचा आला. शेवटची तीन वर्षं तिला माझं नाव आठवत नव्हतं. ती मला सिस्टर म्हणायची आणि जेवणाबद्दल तक्रार करायची. पण तिच्या हातात बटाटा आणि सुरी दिली की साल एका लांब पट्टीत उतरायची, कुठेही न तुटता. डोकं गेलं होतं, हात शाबूत होते. मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि शुक्रवारी निवृत्त होते आहे. आईचं सुरू झालं तेव्हा तिचं वयही काही फार नव्हतं.

पुढची ट्राम बारा मिनिटांनी होती. मी आता जिथे काम करते ती संशोधन संस्था एका स्टॉपवर. मी चालत निघाले. खोक्यात टोपी होती. आमच्याकडे कुणी डॉक्टरेट झालं की तोंडी परीक्षा संपल्या संपल्या सोबतचे लोक त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याची काळी टोपी चढवतात आणि टोपीवर त्याच्या पाच वर्षांची थट्टा चिकटवलेली असते. विब्केची टोपी मी करत होते, कारण संस्थेत बाकी कुणाला धड गोंद लावता येत नाही. विब्के उत्तरेच्या समुद्राकाठची, दिवसाला दोन किटल्या चहा पिणारी, म्हणून टोपीवर एक छोटी किटली होती. तिच्या बाजूला बाहुलीचा पलंग, पलंगावर तपकिरी सिलिकॉनचा तुकडा डोळे उघडे ठेवून निजलेला, आणि उशाशी खेळण्यातलं गजराचं घड्याळ. त्याचे काटे मी आदल्या दिवशी चिमट्याने उपटून काढले होते. विब्केच्या पापुद्र्यांना गजर लागत नाही, ही त्यातली थट्टा. गुरुवारी दुपारी बारा वाजता ती डॉक्टर होणार होती.

तिचं संशोधन म्हणजे काय, हे मी माझ्या भावाला दर नाताळात सांगते आणि तो दर नाताळात विसरतो. आम्ही हाफ्नियम नावाच्या धातूच्या ऑक्साइडचा पापुद्रा बनवतो. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका. त्याच्या आत विजेची एक दिशा असते, वर किंवा खाली. विजेचा दाब दिला की ती उलटते आणि दाब काढला तरी तशीच राहते. म्हणजे पापुद्रा लक्षात ठेवतो. आणि हलकेच दाब दिला तर सगळा उलटत नाही, थोडासाच उलटतो, पुन्हा दिला तर आणखी थोडा. मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींना चिकटतात तिथे म्हणे असंच चालतं, सवय थोडी थोडी करून घट्ट होते. म्हणून मेंदूसारखी यंत्रं बांधायला निघालेल्या लोकांचा या पापुद्र्यांवर जीव. अडचण एकच. ताजा पापुद्रा झोपलेला असतो. त्याला हजारो वेळा वर-खाली ढकलावं तेव्हा तो जागा होतो. आणि फार ढकललं तर थकतो. हे दोन्ही शब्द आमचे रोजचे आहेत. जागं करणं आणि थकणं, त्यात काव्य काही नाही, तक्त्यात रकाने असतात त्यांचे. एका यंत्रात असे अब्जावधी ठिपके असणार, प्रत्येकाला कोण बसून उठवणार? आणि विब्केचे पापुद्रे पहिल्या धक्क्यालाच टक्क जागे असायचे. तिने खाली एक वेगळा थर घातला होता, त्याचा हा परिणाम असं ठरलं होतं.

पायाखाली ओली वाळू होती, हिवाळ्यात बर्फावर टाकलेली, अजून कुणी झाडली नव्हती. मी गुडघा सांभाळत चालले होते आणि मनाला समजावत होते की हे आईसारखं नाही, ही साधी सवय आहे. जित्याची खोड. एकोणीस वर्षांची असल्यापासून त्या वळणावर उठले, तीस वर्षं उठले, पायांना कुणी सांगितलंच नसेल कारखाना बंद झाला म्हणून. हे पटलं, बरंही वाटलं. आणि त्याच बऱ्या वाटण्यात मला हाताची आठवण झाली. पाय जर मला न विचारता उठत असतील तर हात काय काय करत असेल? पापुद्रे तपासायच्या सुयांच्या यंत्रासमोर बसले की माझा उजवा हात काय करतो हे मला आठवेना. डावा हात काच सरकवतो, डोळे भिंगात असतात, सुया ठिपक्यावर टेकतात, हे सगळं दिसत होतं. उजव्या हाताच्या जागी काही नव्हतं. मी रस्त्यात थांबले, खोका डाव्या काखेत घेतला आणि हवेत उजवं बोट तसंच नेलं. ते चौथ्या बटणाच्या जागेवर गेलं.

त्या यंत्रावर बटणं सहा. दुसऱ्या बटणाने ठिपका तपासला जातो, आतून जोडला जाऊन वाया गेलेला आहे की ठीक आहे एवढंच. चौथ्याने तेच होतं, पण तपासणीआधी त्याला दहा हजार वेळा वर-खाली ढकललं जातं. याला एक दशांश सेकंद लागतो, पापणी लवते तेवढ्यात संपतं. जुन्या कारखान्यात तसा नियमच होता. पुढच्या विभागाला माल झोपलेला द्यायचा नाही. कारखाना मोडला तेव्हा ते यंत्र भंगाराच्या भावात आमच्या संस्थेने उचललं, आणि यंत्रासोबत मला. विब्केचा प्रत्येक तुकडा आधी माझ्याकडे येतो. मी त्यावरचे सगळे ठिपके तपासते, मेलेल्यांचा नकाशा करून देते, मग ती मोजते. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाकी सगळे मोजण्याआधी स्वतः पुन्हा ढकलायचेच. जाग्याला कुणी आणखी उठवलं तर काय फरक पडतो? विब्के तीन वर्षांपूर्वी एकदा घाईत ते विसरली. आणि पापुद्रा जागा निघाला. त्या दिवशी आमच्या विभागप्रमुखाने, फोल्कमारने, शॅम्पेन आणली होती, कागदी पेल्यांतून.

संस्थेच्या दारात विब्के भेटली. हातात किटली.

"पेट्झोल्डबाई, आज तुम्हाला उशीर? मी तर घड्याळ लावते तुमच्यावरून."

"पाय मोकळे करत आले."

"खोक्यात काय आहे ते मी विचारणार नाही."

"नकोच विचारू."

"फक्त किटली असेल तर झाकणासकट करा. झाकणाशिवाय चहा म्हणजे आमच्याकडे अपमान." ती हसली. मग म्हणाली, "काल तेवीसदा म्हणून पाहिलं भाषण. भिंतीला पाठ झालं असेल. आई-बाबा उद्या रात्री पोचतायत. बाबांनी नवा कोट घेतलाय, विचार करा, माझ्या बाबांनी."

मी खाली गेले, पांढरा डगला चढवला, डोक्याची टोपी, दोन हातमोजे. कपाटात तिच्या शेवटच्या खेपेचा एक तुकडा उरला होता, अजून न तपासलेला. सुया पहिल्या ठिपक्यावर टेकल्या आणि मी स्वतःला सांगून ठेवलं होतं की आता बघायचं, नीट बघायचं. तरी बोट गेलंच. मी बघेपर्यंत चौथं बटण दाबून ते परत मांडीवर आलं होतं, शहाण्या कुत्र्यासारखं. दुसऱ्या ठिपक्यावर मी डाव्या हाताने दुसरं बटण दाबलं आणि मग मोजलं. ठिपका जागा असेल तर पडद्यावर जी वाटोळी रेघ फुगून यायला हवी ती आली सुतासारखी, मधोमध चिमटलेली. तिसरा ठिपका तसाच. चौथा तसाच. मग त्याच ठिपक्यांना दहा हजार वेळा ढकललं, आणि सगळे फुगले. शंकेला जागाच नव्हती. विब्केचा थर काही करत असेल, नसेल, कुणी सांगावं. तिच्या पापुद्र्यांना मी उठवत होते.

स्टुलावर बसून मला काय आठवलं तर दोन वर्षांपूर्वीचं माझं गुडघ्याचं ऑपरेशन. सहा आठवडे मी घरी होते. त्या काळात तपासणी दुसरंच कुणी करायचं, आणि विब्केच्या तीन खेपा वाया गेल्या, सगळे पापुद्रे झोपलेले. ती रडकुंडीला येऊन फोन करायची. मी परत आले आणि पहिल्याच खेपेला सगळं ठीक. तेव्हापासून संस्थेत म्हणू लागले, पेट्झोल्डबाईंच्या हाताला गुण आहे. बाहेरचे पाहुणे आले की फोल्कमार मला बोलावून दाखवायचा, हे आमचे हात. मी नाही नाही म्हणायचे आणि घरी जाऊन आरशासमोर हाताला मलम लावायचे. खोटं कशाला सांगू, मला फार आवडलं होतं ते. चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी काचा धुतल्यावर कुणीतरी म्हणतं की हे तुझ्याशिवाय होत नाही. विब्केने प्रबंधाच्या पहिल्या पानावर प्राध्यापकांच्या आधी माझ्या हातांचे आभार मानले आहेत. काखेत कळसा म्हणतात तसं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी त्याला माझा गुण म्हणत बसले.

फोल्कमार वरच्या मजल्यावर असतो. आम्ही कारखान्यात एकाच पाळीत होतो. तेव्हा त्याचे केस खांद्यापर्यंत होते आणि तो माझ्या डब्यातली काकडी चोरायचा. आता तो विभागप्रमुख आहे आणि त्याच्या छातीत दोन नळ्या बसवल्या आहेत. मी दार लावून घेतलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. तो खिडकीकडे बघत राहिला.

"किती तुकडे?" त्याने विचारलं.

"सगळे. ते तीन खेपांचे सोडून."

"तुला नक्की माहीत आहे?"

"आत्ता मोजून आले."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं आनेग्रेट, शुक्रवारी तू घरी चाललीस. गुरुवारी पोरगी डॉक्टर होतेय. मे महिन्यात कंपनीबरोबर करार. तुला हा आठवडाच सापडला?"

"मला ट्राममध्ये सापडला."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. चुकीची माहिती मुद्दाम दिली का कुणी? नाही. गुरुवार जाऊ दे. मग मी बघतो, सावकाश, एखादी टीप छापू, मोजण्याच्या पद्धतीबद्दल."

"छापशील?"

त्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग म्हणाला, "मी दमलोय गं. कारखाना बंद झाला तेव्हा अकरा माणसांना इथे ओढून आणलं मी. त्यात तू होतीस. मी कधी काढलं का ते?"

"आत्ता काढलंस."

"हो," तो म्हणाला. "आत्ता काढलं."

तो वाईट माणूस नाही. मी बाहेर आले तेव्हा मला त्याचा राग आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पटायला लागलं होतं. मी पण दमले होते. दुपारच्या जेवणाला सगळे खाली चालले होते, जिन्यात इथल्या रीतीप्रमाणे एकमेकांना ‘भूक लागो’ म्हणत होते, मीही म्हटलं. बटाट्याचं सूप घेतलं आणि ते गार होऊ दिलं. तीन दिवस. तीन दिवस तोंड मिटून बसायचं, केक वाटायचा, फुलं घ्यायची, आणि घरी जाऊन गुडघ्याला शेक देत बसायचं. हा प्रबंध कपाटात जाईल, प्रबंध कपाटातच जातात. मी हे सगळं स्वतःला पटवत असताना मला ते ट्रे आठवले. बावीस-तेवीस वर्षांची असेन. वरून मोठी मंडळी येणार होती, आमच्या विभागाची नवी चिप बघायला, आणि ट्रेमध्ये मांडलेल्या साठांपैकी चालणाऱ्या होत्या चार. आमच्या पाळीच्या मुख्य बाईंनी मला सांगितलं, चार पुढच्या ओळीत लाव, चाचणी पुढूनच घेतील. मी लावल्या. टाळ्या झाल्या. कुणाचं काही बिघडलं नाही, मला एक दिवसाची सुट्टी मिळाली. पण पुढे दीड वर्ष खालच्या मजल्यावरच्या बायका त्याच चिपा महिन्याला हजार काढायच्या हुकमाखाली राबल्या, आणि निघत नाहीत म्हणून बोलणी खात राहिल्या. त्यातली एक माझ्याच जिन्यात राहायची. ती विचारायची, वरच्यांना कशा जमल्या गं, आमचंच काय चुकतंय? मी म्हणायचे, कुणास ठाऊक.

विब्केचा लेख आधीच छापून आला आहे. जगाच्या पाठीवर कुठल्यातरी गावात दुसरी एखादी पोरगी तो समोर ठेवून पापुद्रे बनवत असणार. तिचे झोपलेलेच निघत असणार. ती रात्री फोनवर आईला सांगत असणार की माझ्या हाताला यश नाही. सूप तसंच ठेवून मी उठले.

विब्के तिच्या खोलीत भिंतीला भाषण म्हणून दाखवत होती. मी खुर्ची ओढली, बसले आणि सांगितलं. फिरवून नाही, बटणापासून सुरुवात केली. ऐकताना तिच्या मानेवर लाल डाग उठत गेले. माझं झाल्यावर तिने किटलीचं झाकण उचललं, आत पाहिलं, परत ठेवलं.

"म्हणजे त्या तीन खेपा," ती म्हणाली, "त्याच खऱ्या होत्या."

"हो."

"मी त्या वगळल्या. प्रबंधात लिहिलंय, बनवताना दोष. मी माझ्या हाताने लिहिलंय."

"तुला काय माहीत असणार?"

"मला माहीत असायला हवं होतं पेट्झोल्डबाई. मी एकदाही तुमच्या शेजारी बसून पाहिलं नाही. पाच वर्षांत एकदाही. तुमचा हात म्हटलं की आम्ही सगळे गप्प." मग ती उभी राहिली, आणि तिचा आवाज बदलला. "तुम्ही आज का सांगितलंत? गेल्या वर्षी सांगायचं होतं. नाहीतर पुढच्या वर्षी. उद्या माझे बाबा कोट घालून येतायत."

"मला आज कळलं."

"मग तुम्ही आता जा. प्लीज. मला तुमच्याकडे बघवत नाहीये."

मी गेले. खोका ट्राममध्ये मांडीवर घेऊन बसले आणि या वेळी स्टॉप मोजत राहिले, मोठ्याने, शेजारची बाई जरा सरकून बसली. त्या रात्री मला वाटलं, उद्या ती म्हणेल झाकून ठेवूया. तिने तसं म्हणावं असंही वाटत होतं, म्हणजे माझं ओझं तिच्याकडे गेलं असतं. बुधवारी नऊ वाजता ती फोल्कमारच्या खोलीत गेली आणि साडेनऊला बाहेर आली. गुरुवारची परीक्षा रद्द, असा कागद सूचनाफलकावर लागला, कारण दिलं नव्हतं. तिचे आई-बाबा आले होतेच. मी त्यांना गुरुवारी कॅन्टीनमध्ये पाहिलं. बाबांनी तो कोट घातला होता आणि ते ताठ बसून चहा पीत होते. पोरीने सांगितलं असणार, कारण मी जवळून गेले तेव्हा ते उठून उभे राहिले आणि मान लववून नमस्कार केला, आणि आईने मान फिरवली. दोन्ही मला बरोबर वाटलं.

शुक्रवारी मी केक घेऊन गेले. जाणाऱ्याने केक आणायचा असतो. मी आमच्या इथला तीन थरांचा आणला, खाली पीठ, मधे दही-चक्का, वर अंड्याची साय, पहाटे उठून केलेला. लोक आले, खाल्ला, छान झालाय म्हणाले, आणि कुणी हाताबद्दल बोललं नाही. फोल्कमारने छोटं भाषण केलं. करार आता शरदात, झाला तर, हे त्याने मला आधीच सांगितलं होतं, रागाने नाही. त्याने माझ्या बशीतला काठाचा तुकडा उचलला, पूर्वी काकडी उचलायचा तसा. विब्के आली नव्हती. मी चाव्या दिल्या, कपाट रिकामं केलं, चपला पिशवीत घातल्या. खोका उरला. तो तिच्या टेबलावर ठेवावा की घरी न्यावा हे ठरेना, म्हणून मी तो घेऊन खाली गेले, यंत्र एकदा शेवटचं बघून यावं म्हणून.

ती तिथेच होती. डगल्यात, स्टुलाच्या शेजारी दुसरं स्टूल ओढून. समोर तीन डब्या, त्या तीन खेपांच्या. फेकल्या नव्हत्या तिने, दोन वर्षं खणात ठेवल्या होत्या. काचेच्या खिडकीतून तिने मला पाहिलं आणि आत यायची खूण केली. मी पुन्हा सगळं चढवलं.

"नव्याने मोजायचंय," ती म्हणाली. "हजार धक्क्यांनी जागे होतात की दहा हजारांनी, की होतच नाहीत. थराने काही केलं असलं तर त्यात दिसेल. वर्ष जाईल." तिचे डोळे सुजलेले होते. "सुया तुमच्याइतक्या हलक्या मला टेकवता येत नाहीत. दोन ठिपके फोडले मी सकाळपासून."

"सरक," मी म्हटलं.

मी भिंगात डोळे घातले, डाव्या हाताने काच सरकवली आणि सुया उतरवल्या. ठिपक्याला ओरखडाही आला नाही. मग मला जाणवलं की ती भिंगात बघत नाहीये, पडद्याकडेही नाही. ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. नजर हटवत नव्हती. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शेजारी बसून पाहत होतं. बोट उठू लागलं होतं. मी तो हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसले.

"दुसरं बटण," मी म्हटलं. "तू दाब."